कललेली काच

आत्याच्या खोलीत देव्हाऱ्याच्या डाव्या हाताला तो फोटो टांगलेला असायचा. सागवानी चौकट, तपकिरी पडलेला कागद, कडेनं दमट हवा आत शिरल्याची पिवळट वेलबुट्टी. कराडच्या आमच्या वाड्याच्या दारात एक टपाची मोटार उभी आहे. टप मागे पाडलेला. पुढच्या चाकाशी नऊवारीतली एक बाई, डोक्यावरून पदर, उन्हानं डोळे बारीक केलेले. तिच्या शेजारी चाकाला पाठ लावून परकर-पोलक्यातली एक मुलगी. बाईचा हात मुलीच्या खांद्यावर.

ती मुलगी म्हणजे आत्या. ती बाई म्हणजे मोठी आई, माझ्या आजोबांची पहिली बायको. ती १९१८ च्या नवरात्रात मानमोडीच्या साथीत गेली. त्या साथीची पहिली लाट जूनमध्ये मुंबईत आली आणि ओसरली. सप्टेंबरात दुसरी आली ती गावंच्या गावं आडवी करत. आत्या तेव्हा तीन वर्षांची. घरात या फोटोबद्दल एकच वाक्य पिढ्यान्‌पिढ्या बोललं जायचं: "मोटार आली त्या वर्षी मोठी आई गेली." दोन वर्षांनी आजोबांनी दुसरं लग्न केलं. ती माझी आजी. लग्नात सोळा वर्षांची, म्हणजे सावत्र लेकीपेक्षा जेमतेम अकरा वर्षांनी मोठी.

२००१ साली आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापायचं ठरलं. मी पुण्यात ग्रंथालयात नोकरी केलेली, म्हणून जुन्या कागदांची कामं आपोआप माझ्याकडे आली. चुलतभावानं फोटोची प्रत पाठवली आणि म्हणाला, "ताई, मोटारीवरून साल सांगता येतं म्हणे. तेवढं बघ. १९१८ घालायचं की १९१७, एवढाच प्रश्न आहे."

मला मोटारीतलं काही कळत नव्हतं. नाना पेठेत जुन्या गाड्यांचं काम करणारे एक वयस्कर मिस्त्री होते, त्यांच्याकडे गेले. त्यांनी फोटो हातात घेतला आणि बाईकडे पाहिलं नाही, मुलीकडे पाहिलं नाही. अंगठ्यानं दोघींना झाकूनच टाकलं. "माणसं बघितली की डोळा फसतो, ताई. आधी तोंड बघायचं, मग दिवे, मग चाकं, मग काच. गाडीला विचारायचं." तोंड म्हणजे रेडिएटर. त्यांनी नुसत्या तोंडावरून सांगितलं: फोर्ड, मॉडेल टी.

पुढचे चार महिने मी ग्रंथालयातली जुनी इंग्रजी मासिकं, त्यांतल्या मोटारींच्या जाहिराती आणि मिळतील ती पुस्तकं घेऊन बसले. खरं सांगायचं तर मोटार मला आवडायला लागली ती तिच्या बारकाव्यांमुळे. मॉडेल टी १९०८ च्या ऑक्टोबरात विक्रीला आली आणि १९२७ च्या मे महिन्यात बंद झाली. तेवढ्या काळात दीड कोटीहून जास्त गाड्या निघाल्या. लोक म्हणतात ती कधी बदललीच नाही. पण भिंग घेऊन बसलं की दर दोन-तीन वर्षांनी काहीतरी हललेलं दिसतं. आधीच्या गाड्यांचं रेडिएटर लखलखीत पितळेचं असे. १९१७ च्या मॉडेलपासून पितळ गेलं, काळ्या पत्र्याचं आवरण आलं, बॉनेट उंच झालं आणि सपाट मडगार्डांना गोलाई आली. ज्या फोटोत फोर्डचं तोंड काळं आहे, तो फोटो १९१६ च्या उत्तरार्धाच्या आधीचा असूच शकत नाही, मग मागे लिहिलेलं साल काही का असेना.

दिव्यांचंही तसंच. १९१५ च्या आधीच्या फोर्डच्या पुढच्या दिव्यांत वीज नव्हती. गाडीच्या पायरीवर एक पितळी डबा असे. त्यात कार्बाईडच्या खड्यांवर पाणी ठिबकायचं, वायू तयार व्हायचा आणि रबरी नळीतून दिव्यांपर्यंत जायचा. हेच ते कार्बाईड, आंब्याच्या अढीत चोरून घालतात ते. रात्री निघायचं म्हणजे उतरून झाकण उघडायचं आणि काडी लावायची. पायरीवर तो डबा दिसला की साल बरंच मागे जातं. टायर फिकट, जवळजवळ पांढरे दिसले तरी मागे जातं, कारण रबरात काजळी मिसळून ते काळं आणि टिकाऊ करण्याची पद्धत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रुळली. पुढच्या चाकांच्या मधोमध ब्रेकचे गोल डबे दिसले, तर बहुतेक गाड्यांच्या बाबतीत आपण विसाच्या दशकाच्या मध्यात येतो. बॉनेट पुढे उतरतं आणि तोंडाला जाळीच नाही, म्हणजे जुनी रेनॉल्ट; ती कंपनी विसाच्या दशकाच्या अखेरीपर्यंत रेडिएटर इंजिनाच्या मागे ठेवायची. इंग्लंडमध्ये १ जानेवारी १९०४ पासून प्रत्येक मोटारीला नंबर लावणं सक्तीचं झालं, त्यामुळे तिथल्या फोटोत नंबराची पाटी असणं किंवा नसणं हीसुद्धा साक्ष. आमच्या फोटोत पाटी होती. कुणीतरी चौकटीत बसवताना खालची पट्टी कात्रीनं कापली आणि नंबराची फक्त वरची कड उरली. त्या कात्रीचा मला आजही राग येतो.

या अभ्यासात एक गोष्ट मला फार जवळची वाटली. आपण मोटारीचे जे शब्द रोज वापरतो, त्यांतले काही या फोटोंमध्ये अजून पहिल्या अर्थानं उभे आहेत. स्टेपनी घ्या. वेल्समधल्या लानेल्ली गावात स्टेपनी नावाचा रस्ता होता. तिथल्या एका कारखान्यानं १९०४ च्या सुमारास बिनआऱ्यांची, टायर चढवलेली एक धाव बनवली. तेव्हा गाडीची चाकं सहज काढता येत नसत. पंक्चर झालं की ही धाव त्याच चाकाला बाहेरून पकडीनं बसवायची आणि घर गाठायचं. जुन्या फोटोत गाडीच्या बाजूला पोकळ कडं लटकलेलं दिसतं, ती मूळची स्टेपनी. पुढे सबंध चाक बरोबर नेऊ लागले, ती धाव गेली, तो कारखाना गेला, आणि नाव मात्र इथल्या प्रत्येक ड्रायव्हरच्या तोंडी राहिलं. डिकी तशीच. जुन्या दोनजणी गाडीच्या मागच्या बाजूला एक झाकण उघडलं की आत बाकडं असे. त्यावर उघड्यावर माणसं बसत. ती डिकी. आता आपण डिकीत बॅगा ठेवतो. शब्द जागेवर राहतो आणि त्याच्या आतली वस्तू कधी बदलली, ते वापरणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

फोटोशेजारी लिहिलेल्या सालावर तर मी विश्वास ठेवणंच सोडलं. झाक-आंरी लार्तिग या फ्रेंच छायाचित्रकाराचा एक जगप्रसिद्ध फोटो आहे: शर्यतीची मोटार चौकटीबाहेर झेपावते आहे, तिचं मागचं चाक लंबगोल होऊन पुढे कललं आहे आणि रस्त्याकडेचे लोक उलट्या दिशेला कलले आहेत. त्या कॅमेऱ्याच्या झडपेची चीर काचेवरून सरकत जायची. ती सरकेपर्यंत गाडी पुढे गेलेली असे, आणि कॅमेरा गाडीबरोबर वळवल्यामुळे माणसं मागे पडत. लार्तिग लहानपणापासून रोजनिशी लिहायचा, फोटो वह्यांत चिकटवायचा, इतका नेमका माणूस. तरी हा फोटो कितीतरी वर्षं १९१२ च्या दिएप इथल्या शर्यतीतला, देलाज गाडीचा म्हणून ओळखला गेला. शेवटी गाडीवरच्या सहा या आकड्यानं घोळ उघड केला. शर्यतींच्या याद्या लावून पाहिल्यावर ती श्नायडर कंपनीची गाडी ठरली आणि शर्यत १९१३ ची, आमियाँची. ज्यानं स्वतः उभं राहून फोटो काढला त्याची आठवण एका वर्षानं सरकली होती. मग आमच्या घरातल्या एका वाक्याचं काय?

तेव्हा आता आमची गाडी.

तोंड काळं. म्हणजे १९१६ च्या उत्तरार्धाच्या आधीची नाही. इथपर्यंत चुलतभाऊ खूश होता. १९१७ किंवा १९१८ दोन्ही बसत होतं. दिवे विजेचे. पुढचं डावं दार अर्धवट उघडं. हे उघडं दार फार मोलाचं निघालं. अमेरिकेत बनलेल्या त्या काळच्या उघड्या फोर्डला पुढच्या डाव्या अंगाला दार नसायचंच; पत्र्यावर दाराचा नुसता आकार उठवलेला असे. खरं दार असे कॅनडात बनलेल्या गाड्यांना. कॅनडातली फोर्ड कंपनी १९०४ साली निघाली आणि ब्रिटन सोडून बाकी साम्राज्याला गाड्या पुरवण्याचा हक्क तिच्याकडे होता, म्हणून ती उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाड्याही बनवायची. आमच्या वाड्यापुढची मोटार कॅनडाहून मुंबई बंदरात उतरली होती. हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही, इतका आनंद झाला.

फोटो उलटा छापला गेलेला नाही ना, तेही तपासलं. काच उलटी धरली की डावं उजवं होतं आणि इंग्लंडची गाडी अमेरिकेची वाटते. पण बाईचा पदर डाव्या खांद्यावरून आलेला होता, म्हणजे फोटो सुलटा.

मग मी काचेकडे आले. मिस्त्रींनी सांगितलेल्या क्रमात ती शेवटी होती आणि मी तिला कमी लेखलं होतं. काळ्या तोंडाच्या पहिल्या गाड्यांत, १९१७ ते १९१९ पर्यंतच्या उघड्या फोर्डमध्ये, ड्रायव्हरपुढची काच सरळ उभी असते, खिडकीसारखी. मागे कललेली काच त्यानंतर आली. मी भिंग ठेवलं, पट्टी ठेवली, कोनमापक ठेवला. आमच्या फोटोतली काच मागे कललेली होती.

मोठी आई १९१८ च्या ऑक्टोबरात गेली होती.

मी आधी स्वतःची चूक शोधली. गाडी नेहमी एकाच बाजूची साक्ष देते: याच्या आधीचा फोटो नाही. यानंतर किती वर्षांनी, ते ती सांगत नाही, कारण गावाकडे एकेक मोटार पंधरा-पंधरा वर्षं चालवली जायची. पण मला "आधी नाही" एवढंच पुरेसं होतं, आणि तेच नको होतं. मी पुन्हा नाना पेठेत गेले. मिस्त्रींनी काच पाहिली, मान हलवली आणि मग मला वेगळंच सुचवलं. "चाक मोजा. त्या गाडीचं टायर तीस इंची. पोरगी चाकाला टेकून उभी आहे, एकाच अंतरावर. चाक तुमची फूटपट्टी."

प्रतीवर चाकाची उंची एकवीस मिलिमीटर भरली. मुलगी बत्तीस. दीड चाकाहून किंचित जास्त, म्हणजे सुमारे पावणेचार फूट. तीन वर्षांचं पोर तीन फुटांच्या आसपास असतं. ते त्या चाकाच्या वर जेमतेम डोकं काढेल. फोटोतली मुलगी सहा-सात वर्षांची होती. भिंगातून पाहिलं तर तिची वेणीही दिसत होती, खांद्यावरून पुढे घेतलेली, टोकाला रिबीन. इतकी वर्षं आम्ही सगळे त्या फोटोखाली नमस्काराला वाकत होतो आणि मुलीची वेणी कुणालाही दिसली नव्हती.

आत्याचा जन्म १९१५ चा. सहा-सात मिळवले की १९२१-२२. काचेशी जुळतं. मग ती बाई सतरा-अठरा वर्षांची माझी आजी.

आजी १९७८ साली गेली. माझ्या डोळ्यांपुढे ती कायम म्हातारीच आहे: जाड भिंगाचा चष्मा, वाकलेली पाठ, बोलणं कमी. फोटोतली बाई डोळे बारीक करून उन्हात उभी आहे, चेहरा पदराच्या सावलीत अर्धा बुडालेला. ओळखू येणं शक्यच नव्हतं. तरी ओळख पटवायची म्हणून मी तासन्‌तास तो चेहरा पाहिला. एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. कपाळावर काळा ठिपका होता, आणि तो मला आधी कागदावरचा डाग वाटला होता. तेव्हाच्या बहुतेक फोटोच्या काचांना लाल रंग दिसतच नसे. लाल ते सगळं काळं उमटायचं. म्हणून जुन्या फोटोतली काळी मोटार खरोखर काळी असेल असं धरून चालत नाही. आमची फोर्ड मात्र काळीच, कारण १९१४ पासून १९२५ पर्यंत कंपनी काळ्याखेरीज रंगच देत नव्हती. बाईच्या कपाळावरचा ठिपका म्हणजे कुंकू. मोटारीच्या पत्र्याइतकंच काळं दिसणारं, लालभडक असलेलं कुंकू.

आणि त्या कुंकवावरून मला अविधवा नवमी आठवली.

भाद्रपदात, पितृपक्षातली नवमी, सवाष्ण म्हणून गेलेल्या बायकांची. आमच्याकडे ती मोठी आईसाठी व्हायची. एक सवाष्ण जेवायला घालायची, तिची ओटी भरायची. सगळं आजी करायची. मी आठ-नऊ वर्षांची असेन. फोटो खाली उतरवून पाटावर ठेवलेला, चौकट पुसून घेतलेली, आणि आजी करंगळीशेजारच्या बोटावर कुंकू घेऊन काचेवरून त्या बाईच्या कपाळाला लावते आहे. बरोबर त्या काळ्या ठिपक्यावर. मग हळद, मग फूल. मग ती हात जोडायची. आत्या शेजारी बसलेली असायची. आत्या तोवर विधवा होऊन माहेरी परतली होती, म्हणून ती स्वतः कुंकवाला हात लावत नसे, नुसती बघायची.

आजी स्वतःच्याच फोटोला कुंकू लावत होती. आजोबा १९६९ पर्यंत होते. दरवर्षी, त्यांच्या डोळ्यांदेखत.

मोठी आईचा फोटोच काढला गेला नसावा. तेव्हाच्या किती बायकांचा काढला गेला? लहान मुलीनं कधीतरी विचारलं असेल, माझी आई कशी होती; आणि घरात दाखवायला दुसरं काही नसताना सतरा-अठरा वर्षांच्या पोरीनं आपलं चित्र पुढे केलं असेल. एवढ्या गोष्टी मी जुळवत गेले आणि मग मला वाटू लागलं की मी एक चोरी पकडली आहे. कुलवृत्तांताची मुद्रितं तयार होत होती. आत्या शहाऐंशी वर्षांची होती. आईचा म्हणून तिच्याकडे असलेला एकुलता एक चेहरा मी एका कललेल्या काचेच्या जोरावर काढून घेणार होते.

मी कराडला गेले. आत्या पलंगावर बसली होती, फोटो नेहमीच्या जागी.

"मोटारीचं साल कळलं का गं?" तिनं विचारलं.

"बघतेय अजून," मी म्हटलं.

तिनं फोटोकडे पाहिलं आणि तेच सांगितलं जे ती माझ्या लहानपणापासून सांगत आली होती, त्याच शब्दांत. "ऊन मी म्हणत होतं. फोटोवाल्यानं हलू नका म्हणून सांगितलेलं. मी मागे हात नेला तो बॉनेटवर पडला, पत्रा असला तापलेला, चटका बसला. पण मी रडले नाही. फोटो झाल्यावर आईनं पदर ओला केला आणि हातावर धरून ठेवला. मोटार कुणाची, मालक कोण, माणसं जमलेली, कशाकडे लक्ष नाही तिचं."

हे मी पन्नास वेळा ऐकलं असेल. तीन वर्षांच्या मुलीला हे इतकं आठवेल का, असा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. हलू नका हे सांगणं, आपण रडलो नाही हा अभिमान, जमलेली माणसं. सहा-सात वर्षांच्या मुलीला आठवेल. तिला तर नेमकं कळेलही की आपल्या खांद्यावर कुणाचा हात आहे.

आणि मग मला हेही आठवलं की मोठी आई हा आम्हा नातवंडांचा शब्द होता. आत्या तो कधी वापरायची नाही. आजीला ती आयुष्यभर "आई"च म्हणत आली. "हा माझ्या आईचा फोटो," एवढंच ती म्हणायची, बाकीचं आम्ही घातलेलं.

मी तिला विचारलं नाही. चहा झाला, ती गादीवर आडवी झाली, मी फोटोची काच ओल्या फडक्यानं पुसली आणि संध्याकाळच्या एस.टी.नं पुण्याला आले.

कुलवृत्तांतात मोठी आईच्या निधनाचं साल १९१८ असं आहे, ते बरोबरच आहे. त्यापुढे तीन पानांवर हा फोटो आहे. खालची ओळ मी लिहिली: "कराडच्या वाड्यापुढे फोर्ड मोटार, सुमारे १९२२. सोबत मायलेकी." चुलतभावानं साल का सरकलं म्हणून विचारलं, तेव्हा मी त्याला काचेबद्दल सांगितलं आणि त्याचं समाधान झालं. छापून आल्यावर मी पहिली प्रत आत्याला नेऊन दिली. तिनं माझं भिंग मागून घेतलं, ती ओळ सावकाश, बोट ठेवून दोनदा वाचली आणि पान उलटलं.